यंत्राने मॅडमच्या स्कूटरला लारी म्हटलं

आमच्या यंत्राने मॅडमच्या नव्या स्कूटरला लारी म्हटलं, तेव्हा हसावं की नाही हे मला कळेना. बडोद्यात हातगाडीला सगळे लारीच म्हणतात. भाजीची लारी, पाणीपुरीची लारी, इस्त्रीवाल्याची लारी. मॅडमची स्कूटर पांढरी, चकचकीत, जेमतेम महिन्याभराची होती. ती कॉलेजच्या पार्किंगमध्ये आमच्या रडारसमोर उभी होती आणि लॅपटॉपच्या पडद्यावर शब्द आला होता, लारी.

"म्हणजे मी आता हिच्यावर वांगी-बटाटे मांडून बसू?" मॅडम म्हणाल्या.

प्रोजेक्टमधली माझी जोडीदारीण हसली. मी हसले नाही. मॅडमनी ते पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज लगेच बदलला. "अगं, पुन्हा एकदा घेऊन बघा. बोर्ड हलला असेल."

पुन्हा घेतलं. पुन्हा लारी. मग शिपाईकाकांची मोटारसायकल उभी केली. लारी. माझ्या जोडीदारणीची स्वतःची स्कूटर, जिच्यावरून आम्ही दोघी वर्षभर फिरलो होतो, तीही लारी. मोटार ठेवली तर मोटार म्हणे, रिक्षा ठेवली तर रिक्षा. गेटावरच्या चहावाल्याची खरीखुरी लारी आणली तर तिलाही लारी म्हणे, आणि तेवढं मात्र बरोबर होतं.

"आपणी तो वाट लागी गई," जोडीदारीण म्हणाली. ती गुजराती घरातली. आमचं आपसात गुजराती, हिंदी, जे तोंडात येईल ते चालायचं.

बाहेरचे परीक्षक पुढच्या आठवड्यात येणार होते.

हे सगळं किती गंभीर होतं ते सांगायचं तर घरापासून सांगावं लागेल. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. पप्पा जळगावकडचे, रेल्वेच्या नोकरीमुळे बडोद्याला आले आणि इथलेच झाले. आई घरी ब्लाउज शिवते. नागरवाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. माझ्या पाठची बहीण त्या वर्षी बारावीला होती. दोघी एकाच वेळी कॉलेजात शिकणं आमच्याकडे जमणारं नव्हतं. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हाच पप्पा जेवताना म्हणाले होते, "एकीचं झालं की दुसरीचं." पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

माझा प्रोजेक्ट नापास झाला असता तर मला पुढच्या सत्रात पुन्हा बसावं लागलं असतं. तोवर बहिणीच्या प्रवेशाची वेळ निघून गेली असती. एक वर्ष घरी. आमच्या नात्यात बारावी करून वर्षभर घरी बसलेल्या मुलीचं काय होतं ते मी माझ्या मामेबहिणीचं पाहिलं होतं. आधी सगळे म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. मग स्थळं यायला लागतात. त्यातलं एक बरं निघतं. मामेबहीण सुखात आहे, मी तिच्याबद्दल वाईट बोलत नाही. पण ती हुशार होती आणि आता तिला कोणी ते विचारत नाही.

प्रोजेक्टचा विषय मीच धरून ठेवला होता. माझ्या जोडीदारणीला मोबाईलचं काहीतरी सोपं ॲप करायचं होतं. मला मॅडमनी वर्गात दाखवलेलं एक चित्र विसरता येत नव्हतं. काळ्या पडद्यावर नुसते ठिपके होते, आणि ते ठिपके फिरवले की त्यातून एक मोटार दिसायची, पुढून, मागून, वरून. तो कॅमेऱ्याचा फोटो नव्हता. रडारने अंधारात काढलेलं ते चित्र होतं. धुकं असो, धूर असो, समोर काय उभं आहे ते त्यावरून ओळखता येतं. नंबरप्लेट वाचता येत नाही, रंगही कळत नाही, फक्त आकार कळतो.

ते कसं होतं हे आईला समजावताना मी तिचंच उदाहरण दिलं होतं. दिवे गेले की आई स्वयंपाकघरात काड्यापेटी शोधते तेव्हा ती एकाच जागी हात ठेवून थांबत नाही. इकडून चाचपते, तिकडून चाचपते, वरच्या फळीवर बघते. एका स्पर्शाने कळत नाही, पण सगळे स्पर्श मिळून कळतं की हा डबा, ही बाटली. आमचं रडारही तसंच होतं. तळहाताएवढा एक बोर्ड. तो ॲल्युमिनियमच्या चौकटीवर डावीकडून उजवीकडे सरकायचा, मग जरा वर चढायचा, मग परत उजवीकडून डावीकडे, भिंतीला चुना मारतात तसा. प्रत्येक जागेवरून तो एक लाट सोडायचा आणि ती किती लांबून परत आली ते मोजायचा. सगळी मापं एकत्र केली की समोरच्या गाडीचा ठिपक्यांचा आकार तयार व्हायचा. गाडी तेवढा वेळ हलता कामा नये, एवढीच अट.

"म्हणजे तुझं यंत्र आंधळं आहे," आई म्हणाली.

"हो, पण हात लांब आहेत."

"बरं बाई."

चौकटीसाठी आम्ही लहरीपुऱ्याकडच्या दुकानातून सरकत्या खिडकीच्या पट्ट्या आणल्या होत्या. जानेवारीत, उतराणीच्या म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, आम्ही गाड्यांची चित्रं काढायला सुरुवात केली. ते दिवस आम्हाला सोयीचे होते. अर्धं कॉलेज गच्च्यांवर पतंग उडवत होतं, पार्किंगमध्ये कोणाची घाई नव्हती, लोक आनंदात होते आणि गाडी द्यायला नाही म्हणत नव्हते. आम्ही चिक्की खात दुचाक्या, रिक्षा, मोटारी, टेम्पो आणि लाऱ्या समोर उभ्या करून घेतल्या. मग ती चित्रं संगणकाला दाखवून शिकवलं, ही दुचाकी, ही लारी. काही चित्रं त्याला न दाखवता बाजूला ठेवली आणि नंतर त्यावर त्याची परीक्षा घेतली. तो क्वचितच चुकला. माझी जोडीदारीण म्हणाली, "बस, आपण तर पास." मलाही तसंच वाटलं. मी घरी तसं सांगूनही टाकलं. बहिणीने त्या दिवशी बारावीच्या पुस्तकांना नवी कव्हरं घातली. वर्ष संपत आलं होतं तरी.

आणि आता, परीक्षक यायच्या तोंडावर, रंगीत तालमीला, मॅडमची स्कूटर लारी.

"कारण शोधा," मॅडम म्हणाल्या. त्या रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी असं नीट की त्यांच्यासमोर मला माझं बोलणं आधी मनात म्हणून बघावं लागायचं. "कारण सापडलं तर मी तुमच्या मागे उभी राहीन. पण बाहेरचे सर गाडी समोर उभी करूनच विचारणार. तेव्हा मला काही करता येणार नाही."

आम्ही दिवसभर तारा तपासल्या. बोर्डसमोर पत्र्याचा एक कोपरा ठेवून बघितला, तो बरोबर जिथल्या तिथे चमकला. म्हणजे मोजमाप ठीक होतं. मग चुकत काय होतं?

संध्याकाळी घरी गेले. बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"यंत्र त्यांच्या स्कूटरला लारी म्हणालं."

ती इतकी हसली की आईने आतून विचारलं काय झालं. मग माझ्याकडे बघून ती थांबली. "मग आता?"

"शोधतोय."

ती दोन-तीन कपड्यांच्या घड्या झाल्यावर म्हणाली, "ताई, नाही झालं तरी चालेल हं मला. मी शिवणाचा क्लास लावीन. आईला मदत होईल."

हे तिने इतकं सहज म्हटलं की तिने ते आधीच ठरवून ठेवलंय हे मला कळलं. कधी ठरवलं असेल? मी त्या दिवशी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पांची सुट्टी होती. चौकटीचा एक पाय वाकला होता. तो त्यांनी आदल्या आठवड्यात घरी आणून सरळ करून ठेवला होता, तोवर चौकट त्या बाजूने विटांवर टेकवून आम्ही काम चालवलं होतं, आणि तो आज कॉलेजात न्यायचा होता. मी त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसले, चौकटीचा तो उंच पाय हातात उभा धरून. रावपुऱ्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, आ शुं? डिश एन्टेना?"

"रडार छे, रडार," पप्पा माझ्याकडे मान करून म्हणाले. "दीकरी बनावे छे."

"एम? तो आगळ पोलीस क्यां ऊभी छे ए कही दो ने!"

पुढे पोलीस कुठे उभेत तेवढं सांगा म्हणे. पप्पा कॉलेज येईपर्यंत हसत होते. मला वाटत होतं, हे आत्ता हसून घेताहेत, यांना अजून काही माहीत नाही. मी त्यांना लारीचं सांगितलं नव्हतं.

पार्किंगमध्ये पाय बसवला. तो नीट बसलाय का ते बघायला काहीतरी समोर हवं होतं आणि पप्पांची स्कूटर तिथेच उभी होती. बोर्ड सरकत राहिला. पप्पा हात मागे बांधून, देवळात उभे राहतात तसे उभे होते. मी मनात म्हणत होते, निदान पप्पांसमोर लारी म्हणू नकोस.

पडद्यावर शब्द आला, दुचाकी.

मी आणि माझी जोडीदारीण एकमेकींकडे बघत राहिलो.

"बरोबर ओळखली की," पप्पा म्हणाले. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

जोडीदारणीने पटकन स्वतःची स्कूटर तिच्या जागी लावली. लारी. पप्पांची पुन्हा लावली. दुचाकी. "अंकल, तमारी गाडी व्हीआयपी छे," ती म्हणाली. "आखा बडोदा में एक ही टू-व्हीलर है, वो आपकी."

पप्पांना आधी ते कौतुकच वाटलं. "जुनी आहे ना. जुन्या लोखंडाची गोष्ट वेगळी."

मलाही क्षणभर वाटलं, तसंच असेल. हल्लीच्या स्कूटरची अंगं फायबरची, त्यातून लाट आरपार जाते. पण मग जोडीदारणीची स्कूटर जानेवारीत कशी ओळखली होती? ती तेव्हाही हीच होती. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि फिरवायला लागले. पप्पांच्या स्कूटरच्या ठिपक्यांत, हँडलच्या वर, एक कमान होती. बारीक आणि बाकी सगळ्या गाडीपेक्षा जास्त चमकणारी. जोडीदारणीच्या आजच्या चित्रात ती नव्हती. तिचंच जानेवारीतलं चित्र उघडलं. होती. मग एकेक करून जानेवारीतल्या सगळ्या दुचाक्या उघडल्या. प्रत्येकीला कमान.

मी मान वर करून पप्पांच्या स्कूटरकडे बघितलं.

उतराणीच्या दिवसांत कापलेल्या पतंगांचा मांजा रस्त्यांवर लोंबत असतो आणि तो गळ्याशी अडकला तर गळा चिरतो. म्हणून आमच्याकडे सगळे दुचाकीवाले हँडलच्या दोन टोकांना एक सळई वाकवून बसवतात. ती चालवणाऱ्याच्या तोंडासमोर कमानीसारखी उभी राहते आणि मांजा तिच्यावर अडतो. चौकाचौकात त्या विकायला येतात, कुठे कुठे फुकट वाटतातही. सण झाला की पंधरवड्यात लोक काढून टाकतात. पप्पा काढत नाहीत. त्यांच्या एका सोबत्याला ऐन उन्हाळ्यात, झाडावर राहिलेल्या जुन्या दोऱ्याने, मानेला टाके पडले होते. तेव्हापासून त्यांच्या स्कूटरला बारा महिने सळई असते. आम्ही बहिणी त्यावरून त्यांना चिडवतो, "पप्पा, उतराण गेली, रंगपंचमी आली!"

आम्ही दोघींनी तीन आठवडे गाड्यांची चित्रं काढली होती आणि सळई आम्हाला दिसलीच नव्हती. लहानपणापासून दर जानेवारीत ती बघितलेली. हवेसारखी झालेली. यंत्र मात्र बडोद्यात वाढलेलं नव्हतं. त्याला दुचाकीतली सगळ्यात ठळक गोष्ट तीच दिसली आणि त्याने ती धरून ठेवली. बारकी गाडी आणि वर कमान, तर दुचाकी. बारकी गाडी आणि कमान नाही, तर लारी.

"पप्पा, सळई काढता का जरा?"

"का?"

"काढा ना. परत लावू."

त्यांनी डिकीतून पाना काढला आणि नाखुशीने ती काढली. बोर्ड पुन्हा सरकला. लारी.

मी पार्किंगच्या कठड्यावर बसले आणि हसायला लागले. जोडीदारीणही. आम्हाला थांबता येईना. पप्पा सळई हातात धरून आमच्याकडे बघत होते. मी आधी कधी एवढं मोठ्याने हसले असेन असं वाटत नाही, निदान कॉलेजात तरी नाही. काम सुटलेलं नव्हतं, परीक्षा तशीच समोर होती, पण कारण सापडलं होतं.

मग मी पप्पांना सगळं सांगितलं, लारीपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि सळई परत बसवता बसवता म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकतो. गाडी सळई लावून इथेच उभी करतो. ते सर म्हणतील दुचाकी आणा, तर हीच पुढे करायची. ओळखेल ना?"

ओळखलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की ते मला अख्खी स्कूटरच भेट देताहेत. "पप्पा," मी म्हटलं, "ते सर स्वतः गाडी निवडतात. आणि… मग मला झोप नाही यायची."

"बरं," ते म्हणाले. "मग दुसरं काय करायचं?"

दुसरं एकच होतं. सळई नसलेल्या दुचाक्यांची चित्रं काढायची आणि यंत्राला नव्याने शिकवायचं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, मीपण रोज बघत होते ती चित्रं! मलाही दिसलं नाही." त्यांनी चौकट घरी न्यायची परवानगी दिली, कारण कॉलेजला सुट्ट्या लागल्या होत्या आणि पार्किंग रिकामं पडलं होतं. गाड्या होत्या त्या आमच्या गल्लीत.

गल्लीचं काम बहिणीने अंगावर घेतलं. मी कोणाला गाडी मागायला गेले की आधी पाच मिनिटं दारात उभी राहून शब्द जुळवते. ती थेट बेल वाजवायची. "काकू, स्कूटर द्या. पंधरा मिनिटं. ताईच्या कॉलेजचं आहे."

समोरच्या काकू स्कूटर घेऊन आल्या, पण किल्ली सोडेनात. "त्या किरणांनी सीट-बिट नाही ना गं फाटणार?"

"काकू, सीट आधीच फाटलीये," बहीण म्हणाली.

"तुझी जीभ बघ. लग्नानंतर कळेल."

वरच्या मजल्यावरचे काका त्यांची मोटारसायकल धुऊन, वर हार घालून घेऊन आले. फोटो काढणार म्हटल्यावर गाडी तशी कशी आणायची? मी त्यांना सांगितलं की पाणी असलं तर रडारला सगळं भलतंच चमकतं, वाळू द्या. ते उन्हात गाडीजवळ खुर्ची टाकून बसले.

"रंग दिसतो का यात?"

"नाही काका."

"नंबर?"

"नाही."

"मग दिसतं काय?"

"आतलं लोखंड. सांगाडा म्हणा."

"मग हे झालं की माझ्या गुडघ्यावरून पण एक फिरव."

माझ्या जोडीदारणीने एक चांगली गोष्ट सुचवली. नुसत्या बिनसळईच्या दुचाक्या दाखवून भागणार नाही, लारीलाही सळई लावून दाखवायची, म्हणजे यंत्राच्या डोक्यातून ते खूळ पुरतं जाईल. भाजीवाल्या मावशींनी लारी दिली, पण सळई बांधताना म्हणाल्या, "आता ही पण चालवायला लायसन लागेल का?" पप्पांची सळई त्या कामाला आली. त्यांनी ती स्वतः बांधली.

नव्याने शिकलेलं यंत्र आम्ही परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमच्या स्कूटरसमोर लावलं. दुचाकी. मॅडम म्हणाल्या, "चला, वांगी परत केली."

तरी मला भीती होतीच. अहवालात आम्ही सळईचं सगळं लिहिलं होतं. माझ्या जोडीदारणीचं म्हणणं होतं, लिहू नको, आता बरोबर चालतंय ना, जवा दे ने. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी ठरवा." मग जोडीदारीण म्हणाली, "तू लिख, पर बोलना भी तुझे ही पडेगा." मी लिहिलं. मग रोज वाटायचं, पुसून टाकावं.

परीक्षक बाहेरगावचे होते, कमी बोलणारे, हिंदीत बोलणारे. त्यांनी अहवालाची पानं उलटली आणि बरोबर तिथेच थांबले. "ये रॉड वाला क्या है?"

जोडीदारणीने माझ्याकडे बघितलं. मी बोलायला लागले. हिंदी अडखळलं, मध्येच मराठी आलं, मॅडमनी दोन ठिकाणी शब्द पुरवले. उतराण, मांजा, पप्पांची स्कूटर, लारी. मी खाली बघूनच बोलत होते. वर बघितलं तेव्हा सर हसत नव्हते, पण त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

"बाहर चलिए," ते म्हणाले.

पार्किंगमध्ये त्यांनी शिपाईकाकांची मोटारसायकल निवडली. दुचाकी. मग म्हणाले, तिच्यावर कव्हर घाला. कव्हर घातलं. कॅमेऱ्याला नुसतं एक बोचकं दिसलं असतं. दुचाकी. मग म्हणाले, दोन स्कूटर एकमेकींना चिकटवून ठेवा. ते आम्ही कधी करून बघितलं नव्हतं.

मोटार.

"ये?" त्यांनी विचारलं.

"सर, ये हमको अभी नहीं आता," मी म्हटलं. "दोन गाड्या वेगळ्या कशा करायच्या ते… हमने सोचा नहीं था."

ते थोडा वेळ पडद्यावरची ठिपक्यांची मोटार फिरवत राहिले. मग म्हणाले, "अच्छा है. अगली बैच को दे दीजिए, मॅडम." आणि अहवालाचं ते पान पुन्हा उघडून म्हणाले, "इसको आगे लाइए. सबसे पहले यही पढ़ने लायक है." बस, एवढंच. आत जाऊन त्यांनी सह्या केल्या. मॅडम बाहेर आल्या आणि नेहमीचं नीट मराठी सोडून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. पास आहात दोघी."

जोडीदारीण मला घट्ट बिलगली आणि लगेच म्हणाली, "चल, कुछ खाते हैं." मला तेव्हाच कळलं की मला केवढी भूक लागली आहे. आम्ही गेटाबाहेर उभ्या राहून शेवउसळ खाल्ली, तिखट, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी शेवउसळीचंच होतं असं मी जोडीदारणीला सांगितलं.

घरी आले तेव्हा पप्पा नुकतेच कामावरून आले होते. बहीण दारातच होती.

"झालं?"

"झालं."

तिने आईला हाक मारली नाही, उड्या मारल्या नाहीत. ती आत गेली, पाण्याचा ग्लास आणला, माझ्यासमोर बसली आणि बोलायला लागली. तिला प्राणिशास्त्र घ्यायचं होतं. हे मी पहिल्यांदा ऐकत होते. कोणत्या कॉलेजात प्रयोगशाळा चांगली आहे, कुठे मत्स्यालय आहे, कुठल्या बसने जाता येतं, सगळं तिने शोधून ठेवलं होतं. इतके महिने त्यातला एक शब्द तिने घरात काढला नव्हता. बेडूक, गांडूळ, विश्वामित्री नदीतल्या मगरी, सगळं एकदम बाहेर येत होतं. आई म्हणाली, "अगं, श्वास तर घे." पप्पा भिंतीला टेकून ऐकता ऐकता झोपले.

"एकीचं झालं की दुसरीचं," त्यांनी झोपेतून म्हटलं की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

मग बहीण जरा थांबली आणि हळूच विचारलं, "ताई, पहिल्या दिवशी कुठे जाऊन बसायचं असतं? म्हणजे वर्ग कोणता ते कसं कळतं?"

माझ्या पहिल्या दिवशी मला हे कोणाला विचारावं ते माहीत नव्हतं. मी अर्धा दिवस भलत्याच वर्गात, तिसऱ्या वर्षाच्या मुलांत बसून सगळं उतरवून घेतलं होतं. तिला ते सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

"मी येईन तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "दारापर्यंत."

"दारापर्यंतच हं," ती म्हणाली. "आत नको."